हळदीने अंड्याची ‘प्रत’ सुधारते म्हणजे काय होते?

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात हळद, मेथी, लसूण, तुळस किंवा शेवग्याचा पाला यांची पूड मिसळली, की अंड्याची प्रत सुधारते, असे माहितीपत्रकांतून आणि बऱ्याच शोधनिबंधांतूनही सांगितले जाते. या विषयाकडे संशोधक वळले त्याला सबळ कारण आहे. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली. भारतातही २०१९ मध्ये कोलिस्टिनचा पशुपक्ष्यांच्या खाद्यातील वापर बंद झाला. पर्याय शोधायलाच हवेत. आक्षेप आहे तो ‘प्रत’ या एका शब्दात चार निरनिराळ्या गोष्टी कोंबण्याला.

पहिली गोष्ट बलकाचा रंग. हा दावा सर्वांत भक्कम आहे आणि सर्वांत फसवाही. बलकाला रंग देणारी ल्युटीन, झियाझँथिन ही कॅरोटिनॉइड द्रव्ये कोंबडी स्वतः तयार करू शकत नाही. ती मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांतूनच यावी लागतात. म्हणून शेवग्याचा पाला घातला की पंधरवड्याच्या आत बलक गर्द होतो, यात नवल नाही. पण रंग गर्द झाला म्हणून अंड्यातली प्रथिने वाढत नाहीत. ल्युटीन डोळ्यांना उपयोगी असले तरी त्याचे शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व होत नाही. हळदीची गोष्ट आणखी वेगळी. तिचा पिवळेपणा कुरकुमिनचा. ते कॅरोटिनॉइडच नव्हे. काही प्रयोगांत हळदीने बलकाचा रंग थोडा वाढलेला दिसतो, काहींत मुळीच नाही. ‘हळद पिवळी, म्हणून बलक पिवळा’ हा तर्क विज्ञानाचा नाही, साधर्म्याचा आहे.

दुसरी गोष्ट कवच. येथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात अर्धा टक्का हळद मिसळली तर पोटात जाते जेमतेम अर्धा ग्रॅम हळद, आणि तिच्यातून मिळणारे कॅल्शियम भरते सुमारे एक मिलिग्रॅम. म्हणजे गरजेच्या दोन हजारावा भाग. कवच बनते ते खाद्यातल्या चुनखडीच्या व शिंपल्यांच्या चुऱ्यातून. वनस्पतीमुळे आतड्यातले शोषण सुधारते, असे कोणी म्हणेल. म्हणायला हरकत नाही, पण मग शोषण मोजून दाखवावे.

त्यातही आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्यायला हवा. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंग थंड करते. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्तातला बायकार्बोनेट घटतो आणि कवचाचे कॅल्शियम कार्बोनेट बनायला कार्बोनेट अपुरे पडते. शिवाय उकाड्यात ती खातेही कमी. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात पातळ कवचाची, सहज तडकणारी अंडी वाढतात. आता समजा, कोणी जूनच्या सुरुवातीला औषधी पूड सुरू केली आणि जुलैत कवच सुधारले. श्रेय पुडीला द्यायचे की पावसाला? त्याच शेडमध्ये, त्याच वयाच्या, पूड न दिलेल्या कोंबड्या शेजारी नसतील, तर या प्रश्नाला उत्तर नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे छापणाऱ्या पत्रकांत नेमक्या याच कोंबड्या सापडत नाहीत.

तिसरी गोष्ट पांढऱ्या बलकाची. अंडे काचेवर फोडून घट्ट पांढऱ्याची उंची मोजतात आणि अंड्याच्या वजनाचा हिशेब धरून ‘हॉ एकक’ काढतात. ही पद्धत १९३७ मधली. पण ही उंची अंडे किती शिळे आहे आणि कोंबडीचे वय किती आहे, यांवर फार अवलंबून असते. कवचाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढऱ्याचा सामू साडेसातच्या आसपास असतो तो नऊच्या वर जातो आणि पांढरे पसरट होते. एकाच दिवशीची बारा अंडी आणून सहा शीतकपाटात व सहा फडताळात ठेवावीत आणि आठवड्याने उंची मोजावी. हा फरक वर्गातल्या साध्या पट्टीवरही कळेल. (जेथे शाळेत अंडे फोडणे रुचणार नाही तेथे रोज वजन करावे, वजनातली घटही पुरेसे सांगते.) पुढच्या वेळी वनस्पतीमुळे हॉ एकक दोन-तीनने वाढल्याचे वाचाल, तेव्हा अंडी घातल्यानंतर किती तासांनी मोजली ते त्याच पानावर शोधा.

कोलेस्टेरॉलबद्दल थोडक्यात. एका अंड्यात ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते आणि वाढत्या गर्भाला ते लागते, म्हणून कोंबडी त्यात सहजी काटछाट करत नाही. लसणाने ते घटल्याचे काही चाचण्या सांगतात, काहींत फरक नाही. याउलट जवस पाहा. त्यातले ओमेगा-३ स्निग्धाम्ल बलकात उतरते. कोणता पदार्थ, कोणत्या वाटेने, किती उतरला, हे येथे सांगता येते.

राहिला आकडेवारीचा भाग. प्रयोगात कवचाची जाडी, वजन, रंग, उंची अशी वीस मापे घेतली आणि पूड पूर्णपणे निरुपयोगी असली, तरी प्रचलित पाच टक्क्यांच्या कसोटीवर, मापे एकमेकांपासून स्वतंत्र धरल्यास, निदान एका मापात ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता ६४ टक्के येते. निबंधाच्या सारांशात येते ते नेमके हेच एक माप. उरलेली एकोणीस तक्त्यातच राहतात. दुसरे असे, की एका पिंजऱ्यातल्या चार कोंबड्या एकाच गव्हाणीतून खातात. खाद्य पिंजऱ्याला दिले जाते, कोंबडीला नाही. त्यामुळे पाच पिंजऱ्यांतल्या वीस कोंबड्या म्हणजे वीस पुरावे नव्हेत, पाचच. बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे असा एखादा तक्ता ठेवावा आणि त्यात कोंबड्या न मोजता पिंजरे मोजायला सांगावे.