लपवलेलं असं काहीच नाही: हॅमिल्टनच्या एका शोधनिबंधाबद्दल

मॅजिक आयची चित्रं तुम्ही कधीतरी पाहिली असतील. किंवा पाहायचा प्रयत्न करून, डोळे दुखवून घेऊन, सोडून दिली असतील. आधी नुसता ठिपक्यांचा गोंधळ दिसतो आणि मग अचानक त्यातून एखादा आकार वर येतो. ज्याला दिसतो तो ओरडतो, ज्याला दिसत नाही तो कानकोंडा होतो. गंमत अशी की दोघांचाही समज एकच असतो: चित्रात काहीतरी लपवलंय आणि ते शोधून काढायचंय.

हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे नीट समजून घ्यायचं असेल, तर ऑक्टोबर १९९४मध्ये आयट्रिपलईच्या 'कॉम्प्युटर' या मासिकात आलेला एक निबंध वाचावा. त्याचे लेखक तिघं: ब्रिटनमधले हॅरॉल्ड थिंबल्बी, आणि न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरातल्या वायकाटो विद्यापीठाचे स्टुअर्ट इंग्लिस आणि इयन विटन. विषय एकच: एकाच सपाट चित्रात खोली कशी भरायची. ठिपके ऐकवता येत नाहीत, त्यामुळे हा विषय पॉडकास्टवर न बोलता इथे लिहिणंच बरं.

थोडा इतिहास आधी. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली उभी करतो, हे चार्ल्स व्हीटस्टोननं १८३८मध्ये मांडलं. पुढे डेव्हिड ब्रूस्टरच्या लक्षात आलं की एकच नक्षी पुन्हा पुन्हा छापलेल्या भिंतीच्या कागदाकडे विशिष्ट नजरेनं पाहिलं, की तो कागद जागेवरून हलल्यासारखा वाटतो. खिडकीच्या जाळीकडे किंवा फरशीच्या नक्षीकडे शून्यात बघताना तुम्हालाही हे झालं असेल. १९६०च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये बेला ज्यूलेस यांनी निव्वळ यादृच्छिक ठिपक्यांच्या जोड्या बनवल्या. एकेकट्या चित्रात कसलाही आकार नाही, पण दोन्ही मिळून पाहिली की चौकोन तरंगतो. म्हणजे मेंदूला आधी आकार ओळखून मग खोली लावावी लागत नाही. खोली आधी येऊ शकते. १९७९मध्ये ख्रिस्तोफर टायलर यांनी ही दोन चित्रं एकाच चित्रात बसवली. आणि १९९३मध्ये टॉम बाचेई, चेरी स्मिथ यांचं मॅजिक आय अमेरिकेत पुस्तकरूपात आलं, त्यानंतर पोस्टरांचा पूर आला. पोस्टरवर चित्र होतं, कृती नव्हती. हॅमिल्टनच्या निबंधात कृती आहे.

ती कृती अक्षरांवर करून बघू. ही एक ओळ घ्या:

क ख ग घ च क ख ग घ च क ख ग घ च

पाच-पाच अक्षरांनी तेच परत येतंय. आता समजा तुमचा डावा डोळा एका 'क'वर आहे आणि उजवा डोळा त्याच्या उजवीकडच्या पुढच्या 'क'वर. मेंदूला दोन्ही डोळ्यांकडून 'क' मिळतो, तो म्हणतो ही एकच वस्तू आहे. दोन नजरा जिथे मिळतात तिथे तो ती वस्तू ठेवतो, आणि त्या मिळतात कागदाच्या मागे. आता ओळीतून एक अक्षर काढून टाका:

क ख ग घ क ख ग घ क ख ग घ

अंतर पाचाचं चार झालं. नजरा आता आधीपेक्षा अलीकडे मिळतात, म्हणजे ही जागा जवळ आल्यासारखी दिसते. पुन्हा मागे जायचं असेल तर एक नवं अक्षर घालायचं आणि परत पाचाची लय धरायची. झालं. सगळी जादू एवढीच: अंतर कमी म्हणजे जवळ, अंतर जास्त म्हणजे लांब.

ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके सारख्या अंतरावर असतात आणि चित्र असतं ते जोडणाऱ्या रेषांत. इथे उलट आहे. रेषा नाहीतच, चित्र आहे ते ठिपक्यांमधल्या अंतरात. म्हणून मी म्हणते की काही लपवलेलं नाही. सगळं कागदावर उघडं आहे. फक्त ते कुठल्याही एका ठिपक्यात नाही, दोन ठिपक्यांच्या नात्यात आहे.

निबंधाचं पहिलं यश हे की तो हे नातं भूमितीतून काढतो, अंदाजानं नाही. त्यातल्या प्रोग्रॅममध्ये दोन डोळ्यांमधलं अंतर अडीच इंच धरलंय. चित्राची पार्श्वभूमी कागदाच्या मागे तितक्याच अंतरावर धरलीय जितके तुम्ही कागदाच्या पुढे आहात. समरूप त्रिकोण लावले की पार्श्वभूमीसाठी ठिपक्यांच्या पुनरावृत्तीचं अंतर येतं डोळ्यांच्या अंतराच्या निम्मं, म्हणजे सव्वा इंच. सर्वांत जवळच्या बिंदूसाठी ते येतं एक इंच. म्हणजे डोंगर, डॉल्फिन, जे काही असेल ते सगळं या पाव इंचात मावतं. इंचाला ७२ ठिपके असतील तर पाव इंच म्हणजे १८ ठिपके, म्हणजे खोलीच्या जेमतेम १८ पायऱ्या. जुन्या पडद्यांवर गोल चेंडू पायऱ्यापायऱ्यांचा का दिसायचा, ते यातून कळतं. इंचाला ३०० ठिपके छापले तर पायऱ्या होतात ७५.

याच आकड्यांतून चित्र कसं पाहायचं तेही मिळतं. 'डोळे सैल सोडा' हा सल्ला ऐकून कुणालाच काही कळत नाही. त्यापेक्षा असं करा. चित्रावर काच ठेवा आणि काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघा. तुमचं प्रतिबिंब काचेच्या मागे बरोबर तितक्याच अंतरावर असतं जितके तुम्ही पुढे आहात. आणि पार्श्वभूमी नेमकी तिथेच धरलेली आहे! म्हणजे नजर आपोआप योग्य जागी जाते. थोडा वेळ तिथे टिकवा. ठिपके आधी धूसर दिसतील, मग स्पष्ट होतील. दुसरी खूण प्रोग्रॅममध्येच आहे: चित्राच्या तळाशी सव्वा इंच अंतरावर दोन गोल काढलेत. त्या दोनांचे तीन दिसले की नजर बरोबर बसली समजायचं.

डोळे तिरळे करून, म्हणजे नजरा कागदाच्या पुढे मिळवून पाहिलं तरी चित्र दिसतं, पण उलटं: टेकडीचा खड्डा होतो. मान तिरकी केली तर चित्र मोडतं, कारण प्रत्येक आडवी ओळ स्वतंत्र आहे. आणि चित्र दुपटीहून मोठं करून भिंतीवर टाकलं तर अंतर अडीच इंचांच्या वर जातं. मग नजरा बाहेरच्या बाजूला फाकवाव्या लागतात, आणि ते बहुतेकांना जमत नाही. सभागृहात प्रोजेक्टरवर ही चित्रं का फसतात याचं उत्तर हे. लहान करून बघा, सोपं जातं.

दुसरं यश बारीक आहे पण मला जास्त आवडतं. ओळ डावीकडून उजवीकडे भरत जायची सोपी रीत वापरली, तर आकार एका बाजूला सरकतो. या तिघांनी प्रत्येक बिंदूच्या दोन्ही बाजूंना अर्धं-अर्धं अंतर दिलं, त्यामुळे आकार जिथल्या तिथे राहतो. शिवाय, एक बोट नाकासमोर धरा आणि एकेक डोळा मिटून बघा. बोटामागच्या भिंतीचा काही भाग एकाच डोळ्याला दिसतो. अशा जागी दोन ठिपके जोडणं म्हणजे खोटं बोलणं. प्रोग्रॅम आधी तपासतो की बिंदू दोन्ही डोळ्यांना दिसेल का, आणि दिसणार नसेल तर जोडत नाही. भ्रम घडवणाऱ्या यंत्रात हा प्रामाणिकपणा आहे, आणि त्यामुळेच आकारांच्या कडा स्वच्छ येतात.

आता तक्रार. या प्रोग्रॅममध्ये पाहणारा माणूस म्हणजे एक आकडा आहे: अडीच इंच. या माणसाचे दोन्ही डोळे सारखे चालतात, मान सरळ आहे, आणि त्याची नजर सांगितलेल्या जागी जाते. गणितासाठी हे ठीक आहे. पण पोस्टरांनी हाच माणूस सगळ्यांवर लादला. ज्यांना लहानपणी तिरळेपणा होता, ज्यांचा एक डोळा 'आळशी' राहिला, ज्यांना एकाच डोळ्यानं दिसतं, त्यांच्यापैकी अनेकांना हे चित्र कितीही टक लावलं तरी उभं राहणार नाही. त्यांना मिळतो तो सल्ला असतो 'अजून प्रयत्न कर'. हा सल्ला नाही, हा अपमान आहे, आणि तो शाळेतल्या पोरांना सगळ्यांसमोर मिळतो. प्रयत्न करूनही कधीच दिसलं नसेल, तर लाजण्यासारखं काही नाही; डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगण्यासारखं मात्र आहे, विशेषतः मूल लहान असेल तर.

पण तक्रारीचं उत्तरही याच निबंधात दडलेलं आहे, भले ते तसं मांडलेलं नसेल. चित्र जर अंतरांत असेल, तर ते मोजता येतं. आणि मोजायला एक डोळा पुरतो. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र घ्या, त्याची पारदर्शक कागदावर प्रत काढा, मूळ चित्रावर ठेवा आणि सव्वा इंच बाजूला सरकवा. जिथे पुनरावृत्तीचं अंतर नेमकं तेवढं आहे तिथे काळ्यावर काळा ठिपका येतो आणि ती जागा आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. बाकी ठिकाणी काळ्या ठिपक्यांनी पांढऱ्या जागाही झाकल्या जातात. आता प्रत हळूहळू एक इंचाकडे आणा. खोलीचे थर एकामागून एक उजळत जातील, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे. संगणकावर हेच काम काही ओळींत होतं. आकार दिसतो, एका डोळ्यानं, कसलीही नजर न लावता.

अर्थात दोन डोळ्यांनी उभी राहणारी खोली म्हणजे हे नव्हे. तो अनुभव वेगळाच आहे, आणि त्याची बरोबरी थर मोजून होत नाही. पण 'तिथे काय आहे' हे कळायला आता कुणाच्या ओरडण्यावर विश्वास ठेवावा लागत नाही.

म्हणून या निबंधातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला त्यातली भूमिती वाटत नाही. सी भाषेतला प्रोग्रॅम त्यांनी निबंधातच छापलाय, तो वाटतो. इयन विटन १९९२मध्ये कॅनडातल्या कॅलगरीहून वायकाटोला आले. त्याच विभागातून पुढे वेका हे मशीन लर्निंगचं सॉफ्टवेअर आलं, न्यूझीलंडच्या एका न उडणाऱ्या पक्ष्याच्या नावाचं. ग्रीनस्टोन हे डिजिटल ग्रंथालयांचं सॉफ्टवेअरही तिथलंच. दोन्ही खुली, कुणीही घ्यावीत, उघडून बघावीत अशी. ठिपक्यांचा निबंध त्याच वळणाचा आहे: हे बघा, असं होतं, आता तुम्ही करा.

विज्ञान समजावून सांगणाऱ्या आपण सगळ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. भ्रमाचं स्पष्टीकरण चांगलं की नाही, याची कसोटी ज्याला तो दिसतो त्याच्यावर लावू नये. त्याला तर आधीच मजा आली आहे. ज्याला दिसत नाही त्याच्या हाती तुम्ही काय देता, ते बघावं. पोस्टर त्याच्या हाती काहीच देत नाही. हॅमिल्टनचा निबंध एक पट्टी देतो आणि कुठे मोजायचं ते सांगतो.