सोनई परिसरांतील शेतमळे आणि नगरचें गॅझेटियर

मुंबई सरकारनें १८८४ सालीं प्रसिद्ध केलेला गॅझेटियरचा सतरावा खंड नगर जिल्ह्याचा आहे. जेम्स कॅम्बेल यांनीं संपादिलेला हा ग्रंथ संशोधकाच्या हाताशीं असावा, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु नेवासें तालुक्यांतील सोनई व भोंवतालची शेती यांचा वृत्तांत जुळवूं जाणाऱ्यास त्याची रचनाच आड येते. पीकपाणी एका प्रकरणांत, सावकारी ‘भांडवल’ या प्रकरणांत, सारा तिसऱ्यांत व गांवें अखेरीस, अशी वांटणी झाल्यानें शेत, धनी आणि कसणारा यांचा परस्परसंबंध दिसेनासा होतो.

हा संबंध कागदांत असतो. १८७५ सालीं नगर व पुणें जिल्ह्यांतील कांहीं गांवच्या कुणब्यांनीं सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. कारण जमीन त्या रोख्यांत अडकली होती.

पुढें भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरेच्या कालव्यांवर, सोनईच्या उत्तरेस नदीपलीकडे, हरेगांव येथें बेलापूर कंपनीचा उसाचा विस्तीर्ण मळा पसरला. त्याकरितां शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानें घेतल्या गेल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानें साखर कारखान्यांची शेती सरकारांत जमा होऊन १९६३ त स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेली. ‘खंडकरी’ म्हणविणाऱ्या मूळ धन्यांच्या वारसांस जमिनी परत मिळूं लागल्या त्या २०१२ पासून. ही अर्धशतकाची कथा भाडेपट्टे, पावत्या व फेरफार यांतूनच उलगडते.

स्वीडनमध्यें गोथेनबर्ग बंदराजवळ गुन्नेबो नांवाचा मळा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन हॉल या व्यापाऱ्यासाठीं कार्ल विल्हेल्म कार्लबर्ग यानें तेथील वाडा, बाग व सामानसुमान यांचे आराखडे काढले. ते जपले गेल्यामुळें आज वास्तूचा जीर्णोद्धार त्यांच्या आधारें करतां आला. तेथें धन्याचे कागद राहिले. आमच्याकडे कसणाऱ्याचेही राहावेत, एवढीच अपेक्षा.

शिक्कामोर्तबाची सनद दिसतांच आमचे संग्राहक ती उचलतात, गेल्या शतकांतील भाडेपट्टा मात्र रद्दींत जातो. ही आवडनिवड इतिहासास महाग पडेल. सोनई, हरेगांव व बेलापूर या टापूंतील घरोघरच्या पेट्या वेळींच तपासून त्यांतील पट्टे व पावत्यांच्या नकला गांववार लाविल्यास गॅझेटियरनें तोडलेले धागे पुन्हा जुळतील. सनदेइतकाच मान या कागदांस देणें हें आम्हांस अगत्याचें वाटतें.