गळवाल्याची वही: एकाच आकड्यांतून निघालेल्या दोन गोष्टी

गळ टाकून बसणाऱ्या माणसाने सांगितलेल्या माशाच्या लांबीवर कोणी विश्वास ठेवत नाही. सकाळी वीतभर असलेला मासा संध्याकाळपर्यंत हातभर होतो, आणि सुटून गेलेला मासा तर नेहमीच सगळ्यांत मोठा असतो! मग अशा हौशी लोकांच्या वह्यांवरून संशोधन करता येतं का? पीएचडीच्या तयारीत असलेल्या एका मुलीने मला मागच्या आठवड्यात हाच प्रश्न विचारला. तिला पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी वापरायच्या आहेत. मी तिला म्हटलं, आधी कावेरीच्या महाशीराबद्दलचे पेपर वाच, पण एक वाचून थांबू नकोस. आजचा लेख त्या पेपरांबद्दल आहे. ते का चांगले आहेत, आणि कुठे माझं समाधान होत नाही, दोन्ही सांगते.

मासा कोणता?

कावेरीच्या खोऱ्यात एक महाशीर आहे. पाठीला कुबड, परांवर नारिंगी झाक, आणि वजन? १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत गळाने पकडलेला महाशीर १२० पौंडांचा होता, म्हणजे साधारण ५४ किलो. गोड्या पाण्यातला खवल्यांचा मासा एवढा मोठा होतो हे ऐकून इंग्रज अधिकारी रॉड घेऊन तिकडे जात. १८७३ साली मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. आमिष कोणतं लावायचं, दोरी कशी हवी, पाण्यात कुठे टाकायचं, असं सगळं नवशिक्यासाठी सांगणारं हे पुस्तक. म्हणजे गळवाल्यांना या माशाची ओळख दीडशे वर्षांपूर्वीपासून होती.

शास्त्राला मात्र तो नेमका कोण हे २०१८ पर्यंत ठरवता आलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला पेपर: सगळं छान चाललंय

कावेरीवर गलीबोरे नावाचा एक कॅम्प होता. तिथे हौशी लोक येत, नाचणीच्या पिठाच्या उंड्या गळाला लावून महाशीर पकडत, वजन घेत, आणि मासा परत पाण्यात सोडत. कॅम्पवर याची वही ठेवलेली असे. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी घेतल्या. तेवीस हजारांहून जास्त तासांची गळ टाकणी आणि सहा हजारांहून जास्त मासे. भारतातल्या नदीतल्या कुठल्याही माशाबद्दल इतकी सलग नोंद सहज सापडत नाही. सरकारी पाहणी नाही, प्रकल्पाचा निधी नाही. हौसेपोटी राखलेली वही. ती संशोधनाच्या कामी येऊ शकते हे ओळखणं, हीच या पेपरची पहिली मोठी गोष्ट.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी नुसते मासे मोजले नाहीत, तासांनी भागले. पाच तासांत दहा मासे आणि पन्नास तासांत दहा मासे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वहीत ‘दहा मासे’ एवढंच असतं तर ती वही रद्दीच्या भावाची. किती वेळ बसलो हे लिहिलेलं होतं म्हणून ती विदा झाली. तुम्ही दुसऱ्या कोणाच्या नोंदी वापरणार असाल तर पहिला प्रश्न हाच: भागाकाराचा खालचा आकडा कुठे आहे? रिकाम्या हाताने परत आलेले दिवस लिहिलेत का, की फक्त फोटो काढण्याजोगे?

निष्कर्ष काय आला? दर तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत गेली, आणि माशांचं सरासरी वजन कमी होत गेलं. याचा अर्थ असा लावला गेला की पिल्लं वाढताहेत, नवी पिढी येतेय, राखण केल्याचा आणि पकडून सोडण्याचा फायदा होतोय. अर्थ चुकीचा नाही. पण सरासरी वजन दोन प्रकारे घटू शकतं. लहान मासे वाढले तरी घटतं, आणि मोठे मासे नाहीसे झाले तरी घटतं. दोन्ही एकदम घडलं तरी आलेख तसाच दिसतो. नवीन विद्यार्थी इथेच फसतो, कारण आलेख सुंदर असतो आणि बातमी चांगली असते.

दुसरा पेपर: तीच वही, उलटी बातमी

त्याच तिघांनी २०१५ मध्येच दुसरा पेपर लिहिला. नाव वाचूनच धक्का बसतो, कारण हा मासा नामशेष होण्याकडे चाललाय का, असा प्रश्न त्या शीर्षकातच आहे. कॅम्प तोच, वर्षं तीच. बदललं ते एकच: ‘महाशीर’ हा एक रकाना न ठेवता माशांचे प्रकार वेगळे केले. कुबडवाला एकीकडे, निळसर परांचा दुसरीकडे.

आणि चित्र फिरलं. वाढलेले मासे निळ्या परांचे होते. कुबडवाल्यांची संख्या कोसळत चालली होती, आणि जे थोडे मिळत त्यांत लहान मासे जवळजवळ दिसत नव्हते. म्हणजे म्हातारे उरलेत, घरात पाळणा हलत नाही. वहीत दरवर्षी जास्त मासे लिहिले जात होते, सगळे खूश होते, आणि ज्या माशासाठी लोक जगभरातून तिथे येत होते तो डोळ्यांदेखत संपत होता.

मला हा दुसरा पेपर जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात नवीन यंत्र नाही, अवघड संख्याशास्त्र नाही. आपण ज्याला ‘एक’ समजून मोजतोय ते खरंच एक आहे का, एवढाच प्रश्न आहे.

निळ्या परांचा मासा आला कुठून?

इथे गोष्ट आपल्या दारात येते. निळ्या परांच्या महाशीराचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. दख्खनच्या माशांना नावं देताना साइक्स इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द घेत. कोळस, पोटाईल हे शब्दही असेच लॅटिन नावांत जाऊन बसलेत.

पुढे १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणच्या टाटांच्या केंद्रात या माशाची कृत्रिम पैदास जमली. तो काळ लक्षात घ्या. धरणं होत होती, नद्यांत सुरुंग लावून मासे मारले जात होते, महाशीर सगळीकडे कमी होत होते. अशा वेळी पिल्लं तयार करून नद्यांत सोडणं हे पुण्याचं काम वाटलं तर त्यात नवल नाही. ती पिल्लं कावेरीतही गेली. महाशीर कमी झालेत ना, मग महाशीर सोडू. पण कावेरीचा महाशीर वेगळा होता. ‘महाशीर’ या एका शब्दाने वहीतली आकडेवारी झाकली, तसंच नदीतही मुलखाबाहेरचा मासा सोडायला तोच शब्द कारण झाला.

गंमत अशी की कुबडवाल्याला बराच काळ जे नाव चिकटवलं जात होतं, मसुल्ला, तेही साइक्स यांनीच शिरूरकडच्या घोड नदीतल्या माशाला दिलेलं. तो मासा निराळ्याच वंशातला निघाला. म्हणजे कावेरीच्या माशाच्या अंगावर नाव आमच्या घोड नदीचं आणि त्याच्या घरात भाडेकरू आमच्या मुळा-मुठेचा!

नाव मिळालं, उशिरा

२०१८ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात पिंडर आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. लेखकांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही आहेत. कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीतले मासे घेऊन, शरीराची मापं आणि जनुकं दोन्ही तपासून त्यांनी दाखवलं की हा कुबडवाला म्हणजे टॉर रेमादेवी. केरळातल्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून ही जात आधीच, २००७ च्या नावाने, वर्णन केलेली होती. लहानपणी कुबड ठळक नसतं, त्यामुळे हेच पोर मोठं होऊन तो प्रसिद्ध राक्षस होतं हे कोणाला जोडता आलं नव्हतं. त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून आंतरराष्ट्रीय लाल यादीत गेला.

नावाने काय होतं? बरंच होतं. नाव नसलेल्या जातीला यादीत जागा नसते, संरक्षण मागता येत नाही, निधीच्या अर्जात लिहिता येत नाही. वर्गीकरणशास्त्र कंटाळवाणं म्हणून टाळणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी हा पेपर पाठवते.

माझे आक्षेप

आता टीका. कौतुक करून थांबलं तर तो पुस्तकपरिचय होतो.

पहिला आक्षेप कारणाबद्दल. निळा वाढला आणि कुबडवाला घटला, हे वही सांगते. निळ्यामुळे घटला हे वही सांगत नाही. त्याच काळात वाळूउपसा, पाणी अडवणं, सुरुंगाची मासेमारी हेही होतंच. जागेसाठी आणि अन्नासाठी झुंज होती, की संकर झाला, की बदललेल्या नदीत एक टिकला आणि दुसरा नाही? लेखक स्वतः या बाबतीत बरेच सावध आहेत. पण या पेपरांचा आधार घेऊन बोलणारे आपण लोक सावध राहत नाही. आत्ता वर मीच ‘भाडेकरू’ म्हणून मोकळी झाले, बघा.

दुसरा आक्षेप सुरुवातीच्या वर्षाबद्दल. वही १९९८ ला सुरू होते. निळ्याची पिल्लं त्याच्या कितीतरी आधी नदीत गेली होती. म्हणजे आपण ज्याला आरंभ मानतोय तो गोष्टीचा मध्य आहे. ‘आधी किती होते’ याचं उत्तर या वहीत मिळूच शकत नाही. तिथे थॉमससारखी जुनी पुस्तकं आणि जुने फोटो उपयोगी पडतात. पण त्यांतला मासा हा निवडलेला, मिरवलेला मासा असतो, हे विसरून चालणार नाही.

तिसरा आक्षेप जागेबद्दल. कॅम्प राखीव टापूत होता. तिथे पहारा होता, बाहेर नव्हता. राखलेल्या तुकड्यातल्या आकड्यांवरून अख्ख्या नदीबद्दल बोलताना जपून. शिवाय २०१२ नंतर अभयारण्यातली गळाची मासेमारी बंद झाली आणि वहीसुद्धा. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे, पण नेमकं धोक्याची घंटा ऐकू यायला लागली तेव्हा कान बंद झाले, हे नाकारता येत नाही.

चौथा, आणि मला सगळ्यांत टोचणारा. या पेपरांत आवाज आहे तो गळवाल्या पाहुण्यांचा. त्यांच्या शेजारी बसून पाणी वाचणारे स्थानिक गाईड, काठावर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारी माणसं, ‘हा मासा आपल्यातला नाही’ हे कदाचित कितीतरी आधी सांगू शकली असती. त्यांना विचारणं हा पेपरचा उद्देश नव्हता, मान्य. पण तो कोणाचा तरी उद्देश असायला हवा.

हे मला का टोचतं

कारण मी स्वतः हेच केलं होतं. पहिल्या वर्षी मी एका धरणाच्या काठावर भोई लोकांच्या होड्या परत यायच्या वेळी बसायचे. किती जाळी, किती तास, किती किलो, सगळं नीट लिहिलेलं. तीन महिन्यांत किलो वाढले. मी पोस्टरचा मथळासुद्धा ठरवून ठेवला होता. एक दिवस एका म्हाताऱ्या काकांना तक्ता दाखवला. त्यांनी शांतपणे बघितला आणि म्हणाले, “आकडा बरोबर हाय तुमचा, ताई. पर ही समदी चिलापी. आमचा मासा कुटं लिवलाय?”

माझ्या वहीत रकाना एकच होता: ‘मासे (किलो)’. तीन महिन्यांचं काम परत करता येणार नव्हतं, कारण कुठल्या किलोत कोणता मासा होता हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. चूक विश्लेषणात असती तर रात्र जागून दुरुस्त केली असती. चूक रकान्यात होती.

म्हणून त्या मुलीला मी शेवटी एवढंच सांगितलं. हौशी लोकांच्या नोंदी वापरायला अजिबात घाबरू नको. कावेरीच्या वहीने जे दाखवलं ते कुठल्याच सरकारी अहवालाने दाखवलं नव्हतं. फक्त आलेख काढायच्या आधी तुझ्या रकान्यांची नावं एका कागदावर लिही, आणि ज्याचं आयुष्य त्या पाण्यावर किंवा त्या रानात गेलंय अशा माणसाला तो कागद दाखव. मग विचार, “यात काय राहिलं?”

माझ्या वहीत आता चौदा रकाने आहेत. त्यांतले नऊ काकांनी सांगितलेले.