बिदरच्या राजाला मागचा जन्म कशाला हवा?

आम्ही कारंज्याचे, म्हणजे नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावचे. घरी गुरुचरित्राचा सप्ताह असला की शेवटच्या दिवशी पन्नासावा अध्याय यायचा. लहानपणी त्यातला राजाच्या मांडीवरचा फोड तेवढा लक्षात राहिला. यंदा सुटीत तो अध्याय नीट वाचला आणि फोडाच्या आधीच्या वादापाशी थांबलो.

राजा बिदरचा, मुसलमान. तो ब्राह्मणांना मान देतो, म्हणून त्याचे धर्मगुरू नाराज आहेत. हे लोक दगड-लाकडाला देव मानतात, यांना कसला मान, असं त्यांचं म्हणणं. राजा उत्तर देतो की ईश्वर सगळीकडे भरलेला आहे, मग निंदा कुणाची करायची? सरस्वती गंगाधरांची ही कमाल आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘त्यांचं’ मत नेहमी एकच असतं. इथे दोन मुसलमान बाजू समोरासमोर भांडतात.

पण राजा असा का? तर तो मागच्या जन्मी श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा परीट होता. नवव्या अध्यायात ते येऊन गेलंय. गुरूही भेटल्यावर त्याला त्याच ओळखीने हाक मारतात. मला खटकतं ते हेच. धर्मगुरू कडवे, कारण ते यवन. राजा चांगला, कारण तो मुळात आपला. आमच्या भाषेत, कोड तसाच ठेवून एक अपवाद टाकून दिला.

खरं तर राजाला आपल्याच ग्रंथात आधार मिळाला असता. धर्मात सक्ती नाही, हे कुराणाच्या दुसऱ्या सूरेत आहे. 109वी सूरा तर सहाच आयतींची, आणि ‘तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला’ अशा अर्थावर संपते. हे ‘सगळे धर्म एकच’ असं म्हणणं नव्हे. तुझी पूजा मला मान्य नाही, तरी ती तुझी आहे, इतकंच. मूर्तिपूजेला त्याच ग्रंथाचा ठाम विरोध आहे, त्यामुळे धर्मगुरूही हवेत बोलत नव्हते. खरा वाद इथे रंगला असता.

एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त तो रंगतो. तिथला तुर्क पुराणांतल्या गोष्टी काढून हिंदूला चांगला अडचणीत आणतो. शेवटी दोघं गळ्यात पडतात, आणि त्यासाठी त्याला पूर्वजन्म लागत नाही. मात्र लेखणी तिथेही पैठणच्या ब्राह्मणाचीच. मुसलमानाने स्वतः मराठीत लिहिलेलं वाचायचं तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 17व्या शतकातला ‘योगसंग्राम’ आहे. अभ्यासक्रमात मला तो कधी भेटला नाही.

हे सगळं सुचलं ते एका मित्रामुळे. तो मंगरूळपीरचा, हयात कलंदरांच्या दर्ग्याच्या गावचा. त्या दर्ग्यात आमच्या घरचेही नारळ घेऊन जातात. कॉलेजात एकदा मी कौतुकाने त्याला म्हणालो होतो, “तू त्यांच्यासारखा नाहीस यार.”

त्याने चहा खाली ठेवला आणि विचारलं, “कोणासारखा?”