गाऱ्हाण्याचा श्रोता : तंजावरचा दावा आणि सत्तावनची मराठी कथनपरंपरा

मराठी भक्तिकाव्यातील गौळणींमध्ये गाऱ्हाण्याचा एक ठरलेला प्रसंग येतो. दह्यादुधाची नासाडी झालेल्या गोपी यशोदेकडे जातात आणि कृष्णाच्या खोड्यांचा पाढा वाचतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच आईपुढे ती मांडली जाते. त्यामुळे निवाडा होत नाही, आणि भक्तीच्या दृष्टीने तो व्हावा अशी अपेक्षाही नसते. गाऱ्हाणे हा तेथे नाते राखण्याचाच एक प्रकार असतो. राजकीय गाऱ्हाण्याची गोष्ट वेगळी आहे. तेथेही फिर्याद बहुधा अन्याय करणाऱ्याच्या घरीच न्यावी लागते, परंतु फिर्यादीला निवाडा हवा असतो. तो मिळणार नाही हे उमगल्यानंतर गाऱ्हाण्याचे काय होते, हा १८५७ विषयीच्या मराठी लेखनातील एक मध्यवर्ती, पण क्वचितच स्वतंत्रपणे विचारला गेलेला प्रश्न आहे.

त्याचे रूढ उत्तर असे की, गाऱ्हाणी साचत जातात आणि एका मर्यादेनंतर त्यांचा स्फोट होतो. या उत्तराला मराठीत सर्वांत प्रभावी रूप दिले ते वि. दा. सावरकरांच्या ‘१८५७चे स्वातंत्र्यसमर’ या ग्रंथाने. ‘ज्वालामुखी’, ‘स्फोट’, ‘अग्निकल्लोळ’ ही त्याच्या भागांची नावेच या कल्पनेची साक्ष देतात. मात्र तिची कसोटी पाहायची असेल, तर झाशी आणि कानपूर यांच्याबरोबर मराठी राज्याच्या दक्षिणेकडील टोकाकडे, कावेरीकाठच्या तंजावर-कुंभकोणम परिसराकडेही पाहिले पाहिजे. दाब तेथेही होता. स्फोट मात्र झाला नाही.

व्यंकोजी भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापिलेले तंजावरचे राज्य १७९९ च्या कराराने वस्तुतः संपले. दुसऱ्या सरफोजींनी मुलखाचा कारभार कंपनीच्या हवाली केला; राजाकडे किल्ला, पदवी आणि उत्पन्नाचा ठरीव वाटा उरला. कुंभकोणमसारखे मंदिरांचे आणि शास्त्राध्ययनाचे नगर तेव्हापासून कंपनीच्या अमलाखाली आले. यानंतर चारच वर्षांनी, १८०३ मध्ये, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. राज्य हातून गेलेल्या घराण्याने आपला इतिहास दगडावर लिहून ठेवावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तो लेख कोणाकडे दाद मागत नाही. त्याचा वाचक पुढच्या काळात आहे.

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी निधन पावले. त्यांना पुत्र नव्हता, कन्या होत्या. कंपनीने राजपद संपल्याचे जाहीर केले आणि १८५६ च्या ऑक्टोबरात सैन्याच्या बळावर राजवाडा व त्यातील खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. सातारा १८४८ मध्ये आणि झाशी १८५४ मध्ये खालसा झाली होती. म्हणजे आघात एकाच हाताचा, जवळजवळ एकाच काळातला आणि एकाच भाषेच्या राजघराण्यांवरचा होता. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे गेले आणि २७ जुलै १८५९ रोजी तेथे निकाल फिरला. जप्ती ही सार्वभौम सत्तेने केलेली राज्यकृती आहे, ती न्याय्य असो वा अन्याय्य, तिचा विचार करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे त्या निर्णयाचे सार होते.

हा निर्णय साहित्याच्या अभ्यासकानेही वाचावा असा आहे. फिर्याद खोटी आहे असे त्यात म्हटलेले नाही. फिर्याद ऐकण्याची जागा ही नव्हे, एवढेच सांगितले आहे. आणि दुसरी जागा कोणती, हे सांगितलेले नाही. गौळणीतली यशोदा निदान ऐकून घेते. येथे श्रोत्यानेच आपण श्रोता नसल्याचे घोषित केले. १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता राजविधवांकडे सोपवली, ती हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

श्रोता नाहीसा होण्याची हीच कथा साताऱ्याच्या संदर्भात मराठीत विस्ताराने लिहिली गेली आहे. प्रबोधनकार ठाकरे यांचा प्रतापसिंह छत्रपती व रंगो बापूजी यांच्यावरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. १८३९ मध्ये पदच्युत झालेल्या छत्रपतींची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे दाद मागत राहिले. १८४७ मध्ये प्रतापसिंह वारले, पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले, तरी वकील अर्ज लिहीत राहिला. १८५३ मध्ये ते रिकाम्या हाताने परतले. सत्तावनमध्ये साताऱ्यातील कटाच्या आरोपावरून ज्यांना देहान्त शासन झाले, त्यांत त्यांचा पुत्र होता. ते स्वतः सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. प्रबोधनकारांची शैली आवेशाची आहे, परंतु त्यांच्या ग्रंथाचे खरे बळ आवेशात नसून अर्जांच्या कंटाळवाण्या पुनरावृत्तीत आहे. एकच म्हणणे पुन्हापुन्हा वाचताना वाचकाला कळते की, या माणसाला बंडाकडे नेले ते अन्यायाने एकट्याने नव्हे; ऐकणारा कोणी आहे हा विश्वास संपल्याने. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनीही आधी खलिते पाठवले, जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. नानासाहेब पेशव्यांनी अझीमुल्लाखानास विलायतेस धाडले. तलवारीआधी कागद सर्वांनीच वापरून पाहिला होता.

तथापि श्रोता गमावणे ही एक पायरी झाली. राजघराण्याचे गाऱ्हाणे शिपायाचे आणि रयतेचे कसे होते, हे त्यातून उलगडत नाही. ते उलगडते विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये. कुलाबा भागातील वरसईचे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि युद्धात सापडले. महूच्या परिसरात भेटलेले शिपाई त्यांना लोकांचा धर्म बुडवू पाहणाऱ्या चौऱ्यांशी कलमांच्या यादीची हकीकत सांगतात. ही यादी ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून मिळणार नाही. पण कथनदृष्ट्या तिचे मोल मोठे आहे. दत्तकाचा वाद, काडतुसे, विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा, वेगवेगळ्या लोकांची वेगवेगळी दुखणी एकाच यादीत बसवण्याची लोकमानसाची ती रीत आहे. मुख्य म्हणजे ती यादी सरकारला उद्देशून नाही. एक शिपाई ती वाटेवरच्या भटजीला सांगतो. गाऱ्हाणे आता वर न जाता आडवे पसरू लागले आहे. गोडसे त्यावर भाष्य करीत नाहीत. ऐकले तसे लिहितात. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये संस्कारित रूपात प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताच्या आधारे पुन्हा संपादित केला, तेव्हा या ऐकीव निवेदनाचा पोत अधिक स्पष्ट झाला.

याच बदलाचे लेखी रूप ऑगस्ट १८५७ मधील आझमगडच्या जाहीरनाम्यात दिसते. जमीनदार, व्यापारी, नोकरदार, कारागीर आणि पंडित-फकीर अशा वर्गवारीने त्यात इंग्रजी अमलाविरुद्धची गाऱ्हाणी नोंदली आहेत. मजकूर एखाद्या अर्जात शोभावा असा आहे. फक्त तो आता देशबांधवांना वाचून दाखवायचा आहे. अमेरिकेतील वसाहतींचे उदाहरणही येथे उपयोगी पडते. १७७५ मध्ये तेथील प्रतिनिधींनी राजा तिसरा जॉर्ज याला समेटाचा विनंतीअर्ज पाठवला. तो त्याने स्वीकारलाच नाही. पुढच्या वर्षीच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मोठा भाग म्हणजे त्याच राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी आहे, पण ती राजाकडे नव्हे, जगाकडे पाहून वाचलेली आहे. लढाई जाहीरनाम्याच्या वर्षभर आधीच सुरू झाली होती. ती स्वातंत्र्याची लढाई झाली ती श्रोता बदलल्यावर.

आता सावरकरांच्या ग्रंथाकडे पुन्हा वळता येईल. काडतुसांसारखी निमित्ते आणि खरी कारणे यांत त्यांनी केलेला भेद, तसेच गोडसे ज्याला स्वाभाविकपणे ‘बंड’ म्हणतात त्याला ‘समर’ म्हणण्याचा त्यांचा निर्णय, या दोन गोष्टींनी मराठी इतिहासकथनाची दिशा बदलली. विखुरलेल्या गाऱ्हाण्यांना त्यांनी ‘स्वधर्म’ आणि ‘स्वराज्य’ ही नावे दिली. हे कार्य कमी लेखता येणार नाही. परंतु ज्वालामुखीच्या रूपकाची एक मर्यादा आहे. ज्वालामुखीला श्रोता नसतो. तो आतल्या दाबाने फुटतो. कोणाशी बोलून पाहत नाही. या रूपकामुळे आधीचे अर्ज, वकील, खलिते हे सर्व केवळ अपमानाचे टप्पे ठरतात आणि अर्ज करणाऱ्याची बुद्धी, चिकाटी व आशा नजरेआड होते. गंमत अशी की, हा ग्रंथ १९०७–०८ मध्ये लिहिला गेला, तेव्हा राष्ट्रसभेतही अर्जविनंत्यांच्या मार्गावरूनच वाद पेटला होता आणि १९०७ च्या अखेरीस सुरतेस त्याची परिणती फुटीत झाली. त्या अर्थाने ‘स्वातंत्र्यसमर’ हा सत्तावनचा इतिहास आहे, तसाच तो आपल्या काळातील अर्जदारांना दिलेला जबाबही आहे.

मग तंजावरला स्फोट का झाला नाही? तेथील मराठी माणसे भित्री होती, हे उत्तर सोपे असले तरी पुराव्याला धरून नाही. मद्रास इलाख्यात अर्जाला थोडेफार फळ आले होते, हे लक्षात घेतले पाहिजे. १८५२ मध्ये गाजुलु लक्ष्मीनरसू चेट्टी यांनी स्थापिलेल्या मद्रास नेटिव्ह असोसिएशनने महसूल वसुलीतील छळाची तक्रार ब्रिटिश संसदेकडे नेली. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८५५ मध्ये त्याने छळ होत असल्याचे मान्य केले. या आयोगाचे एक सदस्य जॉन ब्रूस नॉर्टन हे वकील पुढे तंजावरच्या राणीच्या बाजूने उभे राहिले. दार किलकिले होते. कामाक्षीबाईंचा दावा मद्रासला यशस्वी झाला, यावरूनही ते दिसते. शिवाय मद्रासचे सैन्य बहुतांशी शांत राहिले. राणीचे गाऱ्हाणे आपले मानील असा शिपाई तेथे उभा राहिला नाही. लंडनने दार लावले ते १८५९ मध्ये, उत्तरेतील रणे थंडावल्यानंतर.

दाद मागण्याची ही रीत मात्र कुंभकोणमच्या मराठी कारभारी घराण्यांत टिकली आणि तिने आपला श्रोता हळूहळू बदलला. १८२८ मध्ये कुंभकोणम येथे जन्मलेले टी. माधवराव सत्तावनमध्येच त्रावणकोरचे दिवाण झाले. पुढे त्यांनी इंदूर आणि बडोदा येथेही ते पद सांभाळले. त्यांचे चुलतभाऊ रघुनाथराव दोनदा इंदूरचे दिवाण होते. राष्ट्रसभेच्या स्थापनेआधी, १८८४ च्या अखेरीस, मद्रासला रघुनाथरावांच्या घरी देशातील काही प्रमुखांची बैठक झाल्याचे ॲनी बेझंट यांनी नोंदवले आहे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात माधवराव स्वागताध्यक्ष होते; राष्ट्रसभा हे इंग्रजी राजवटीचेच सुफळ आहे, असे त्यांना वाटे. त्याच वर्षी तेथे भरलेल्या पहिल्या सामाजिक परिषदेत रघुनाथराव न्यायमूर्ती रानड्यांबरोबर होते. विधवाविवाहाचे ते खंदे पुरस्कर्ते. ज्या कायद्याचे नाव सत्तावनच्या असंतोषाच्या कारणांत घेतले जाते, तो कुंभकोणमच्या या सनातनी वळणाच्या पंडिताला शास्त्रसंमत वाटत होता. गाऱ्हाणे म्हणजे काय, याविषयीच तेथे मतभेद होता. म्हणून एकाच दुखण्यातून एकच युद्ध निघेल, हे गृहीत धरता येत नाही.

मराठी साहित्याने लक्ष्मीबाईंना चरित्रे, काव्ये, नाटके दिली; द. ब. पारसनीसांचे चरित्र १८९४ चे आहे. कामाक्षीबाईंना त्यांच्या शेजारचे आसन मिळालेले नाही. रणांगणावरचा मृत्यू कथनाला सोयीचा असतो, न्यायालयातला पराभव नसतो, हे खरे. परंतु ज्या दत्तकहक्कासाठी झाशीने लढाई केली, तो १८६२ च्या सनदांनी इतर संस्थानिकांना मिळाला. लढणाऱ्यांच्या रक्ताचे फळ न लढणाऱ्यांच्या पदरी पडले, आणि अर्जदारांनी तयार केलेली युक्तिवादाची भाषा पुढच्या चळवळीने वापरली. दोघांचे हिशेब असे एकमेकांत गुंतलेले आहेत. सत्तावनच्या मराठी कथनपरंपरेचा अभ्यास करणाऱ्याने म्हणून गाऱ्हाणे किती मोठे होते, एवढेच मोजून थांबू नये. ते कोणाला सांगितले जात होते, त्याने ऐकणे कधी थांबवले आणि त्यानंतर सांगणाऱ्याने कोणाकडे तोंड वळवले, हेही विचारावे. झाशीची राणी शिपायांकडे वळली, रंगो बापूजी साताऱ्याच्या माणसांकडे, कुंभकोणमचे दिवाण सभेकडे. कामाक्षीबाईंच्या फिर्यादीला मात्र दुसरा श्रोता लाभला नाही. ती कायद्याच्या निवाडेग्रंथांत राहिली आहे आणि मराठी वाचकापर्यंत अद्याप पोहोचायची आहे.