शब्दाची संगणकीय व्याख्या आणि मराठीची काना-मात्रा : एक चिकित्सा

संगणकावर मराठी दिसू लागली म्हणजे ती संगणकाला कळू लागली, असा एक समज महाविद्यालयीन वर्तुळात रूढ आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि कालांतराने फॉन्टागणिक बदलणाऱ्या संकेतांचा जाच बराच कमी झाला, हे खरे. परंतु अक्षर साठवणे आणि शब्द ओळखणे या भिन्न क्रिया आहेत. दुसऱ्या क्रियेवर आस्कीच्या १२८ चिन्हांचे संस्कार अद्याप टिकून आहेत. मराठी संहितांचा संगणकीय अभ्यास करणाऱ्यांनी त्यांची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

पायथन या संगणकभाषेचे उदाहरण घेऊ. तिच्या नमुनाशोधाच्या अंगभूत लायब्ररीत शब्दाचा घटक म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेषा, अशी व्याख्या गृहीत आहे. युनिकोडच्या वर्गीकरणात मात्र काना, वेलांटी, अनुस्वार व हलन्त ही ‘अक्षरे’ नसून ‘चिन्हे’ आहेत. परिणामी काना आला की शब्द संपला, असे मानले जाते. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडतात. मजकुराच्या वर्गीकरणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सायकिट-लर्न या संचातील शब्दगणक तर, मूळ मांडणी न बदलल्यास, एकाक्षरी तुकडे गाळतो. तेथे ‘मराठी’तून केवळ ‘मर’ उरते, ‘आहे’चा ‘आह’ होतो आणि ‘भाषा’, ‘साहित्य’ व ‘नाही’ हे शब्द समूळ नाहीसे होतात. वाचकांची अनुकूल-प्रतिकूल मते मोजणाऱ्या अभ्यासातून ‘नाही’च गळावा, हा अनर्थ होय.

आज्ञावली थांबत नाही, तक्रार करीत नाही. कोष्टक छापून मोकळी होते. शिवाय ‘घरी’, ‘घराला’, ‘घरातून’ या तिन्हींचे ‘घर’ झालेले पाहून विभक्तिप्रत्यय सुटे झाले, असा अभ्यासकाचा सुखद भ्रम होतो. त्याच न्यायाने ‘मराठी’, ‘मराठा’ आणि ‘मरावे’ हे तिन्ही शब्द ‘मर’ या एका नोंदीखाली जमा झालेले असतात, हे सहसा कोणी तपासत नाही.

हा दोष युनिकोडच्या माथी मारता येणार नाही. नमुनाशोधाविषयीच्या त्याच्या तांत्रिक अहवालात शब्दघटकांमध्ये चिन्हे आणि अदृश्य जोडचिन्हे समाविष्ट करण्याची शिफारस आहे. पायथनसाठीच उपलब्ध असलेल्या ‘रेजेक्स’ या स्वतंत्र लायब्ररीत ‘मराठी’ अखंड राहते. तेव्हा ‘लिपीच गुंतागुंतीची’ ही सबब मान्य करता येत नाही. शब्दगणनेवर आधारित शोधनिबंधात विच्छेदनाची पद्धत आणि निघालेल्या तुकड्यांचा नमुना देण्याचा आग्रह परीक्षकांनी धरावयास हवा.

जोडचिन्हांचा मुद्दा खास मराठीचा आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे अर्थाने भिन्न शब्द. यांपैकी पहिल्यातील आडवा अर्धा र दोन प्रकारे साठविलेला आढळतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’पुढे हलन्त व अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना जुळत नाहीत. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे पुसली, तर दुसऱ्या प्रकारच्या ‘दऱ्या’ थेट समुद्राला मिळतात. म्हणून कोणते रूप प्रमाण धरावयाचे हे संहितेचा संग्रह तयार करतानाच ठरवून, सफाईपूर्वी सर्व मजकूर त्या रूपात आणावा लागतो.