दरसाल माती कोण टाकणार?

कवितेचं रसग्रहण होतं, नाटकाचं होतं, एखाद्या बंदिशीचंही होतं. घराचं कुणी करत नाही. घराची फार तर वास्तुशांत होते, नाहीतर मूल्यांकन, तेही कर्ज काढायचं असेल तर. बालाघाटच्या डोंगरमाथ्यावरचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं जुनं घर, मात्र रसग्रहणाच्या लायकीचं आहे. त्याला कर्ते आहेत, गावचा सुतार नि गवंडी, ज्यांची नावं कुठल्याच चौकटीवर कोरलेली नसतात. त्याला घाट आहे, आणि जाणूनबुजून मोकळ्या सोडलेल्या जागा आहेत. दोषही भरपूर आहेत. ते वाचताना त्यात नांदलेल्या माणसांना मध्येच बोलू द्यावं लागतं, कारण घराचे खरे टीकाकार तेच.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की घाट चढून मांजरसुंबा येतं. (नगरजवळचं किल्ल्याचं मांजरसुंबा ते वेगळं.) इथून एक वाट सोलापूरला जाते, एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईला, एक पाटोद्यावरून नगरकडे. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी, त्यामुळे कार्तिकात वारकऱ्यांची रीघ. चौकातली घरं रस्त्याच्या तालावर बांधलेली: पुढं शटर, मागं संसार, आणि डोक्यावर पुढच्या मजल्याच्या आशेनं सोडलेल्या गंजक्या सळया. या घरांचं वाचन दोन मिनिटांत संपतं. चौक सोडून आतल्या गावांच्या जुन्या गावठाणात शिरलं की माळवदं भेटतात. काही नांदती, काही कुलूपबंद, काहींचं नुसतं जोतं उरलेलं.

आधी त्याच्या आकाराची गोष्ट. हा मुलूख पर्जन्यछायेचा, वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आत. कोकणासारखं उतरतं छप्पर इथं कशाला लागतं? इथं वैरी ऊन. म्हणून दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर सपाट मातीचं छत. खांबावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, पाल्यावर मातीचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती, जी भिजली की घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. कडेला पन्हाळ. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घराची ऐपत खणांत मोजायची. सोयरीक जुळवताना एकर विचारायचे तसे खणही विचारायचे.

आता दारातून आत जाऊ. माळवद एकदम आत घेत नाही. आधी ढाळज. दोन्ही बाजूंना ओटे, मधून वाट. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आलेल्या माणसाचे डोळे इथं निवतात, पायातलं इथं उतरतं, आणि आलेला माणूस घोंगडीवर बसवण्याच्या योग्यतेचा की उभ्या उभ्या बोळवण्याच्या, हेही इथंच ठरतं. रचना म्हणून ढाळज मला फार आवडते. रस्ता आणि घर यांच्यामध्ये इतकी समजूतदार जागा आजच्या कुठल्या नकाशात दिसत नाही. आता दार उघडलं की थेट टीव्ही.

पण हे आवडणं पुरुषाचं आहे. ढाळजेत बसायचा तो पुरुष, पानाचा डबा पुढ्यात घेऊन. सुनेला तिथून जायचं म्हणजे पदर सावरत, चार जणांच्या नजरेखालून. घागर घेऊन दिवसातून दहा वेळा जायचं असलं तरी दहाही वेळा तसंच. म्हणून तेव्हा सुना असलेल्या बायकांना जुन्या घराबद्दल विचारावं तर त्या ढाळजेचं नाव घेत नाहीत. त्या मागच्या दाराबद्दल बोलतात. मागचं दार, परसातली चूल, जावाजावांनी मिळून घातलेल्या शेवया. त्यांचं आवडतं घर मागच्या बाजूनं सुरू होतं.

ढाळजेतून पुढं, आतला चौक ओलांडून, ओसरी चढून माजघरात आलं की अंधार. हा अंधार चुकून राहिलेला नाही, तो बेतलेला आहे. खिडकी नाही, कारण खिडकीतून झळ येते आणि एके काळी चोर-दरोडेखोरही येत. भिंतीच्या पोटात बळद, त्यात वर्षाची ज्वारी. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. भिंतीत दिवळी, आणि तिच्या वरच्या अंगाला कित्येक पिढ्यांच्या दिव्यांनी धरलेली काजळी, जी कितीही पोतेरं दिलं तरी पुन्हा उमटते. आणि या सगळ्या अंधाराच्या डोक्यावर एक साणं: माळवदाला पाडलेलं वीतभर, फार तर हातभर भोक. त्यातून उन्हाचा एकच चौकोन खाली उतरतो आणि दिवसभर सरकत राहतो. सकाळी भिंतीवर, दुपारी जमिनीवर, मग पलीकडच्या भिंतीवर. तो जात्यापाशी आला की रानातली माणसं जेवायला येण्याची वेळ झाली, एवढा हिशेब घरातल्या बाईला घड्याळाशिवाय कळायचा. एवढ्या मोठ्या खोलीत उजेडाची एवढीच चिमूट. काय टाकायचं हे ज्याला कळतं तोच असं करू शकतो.

साण्यातून चुलीचा धूर जातो, असं सांगतात. निम्मा जातो. उरलेला डोळ्यांत. पाऊस आला की कुणीतरी पळत वर जाऊन साणं झाकायचं, पाटीनं, परातीनं, जे हाताला लागेल त्यानं. आणि मग धूर, अंधार आणि झड अशी तिन्ही एकाच खोलीत कोंडायची. फळ्यांच्या फटींतून माती झरते, ताटात पडते. कधी मातीबरोबर विंचूही. अंथरूण झटकून निजायची सवय या घरांनीच लावली. घुशी भिंतीच्या बुडातून पोखरतात, वाळवी खांबाला लागते. माळवदाच्या गारव्यावर लेख लिहिणारे या ओळी गाळून वाचतात.

माळवदाची कमाल मात्र त्याच्या डोक्यावर आहे. उन्हाळ्यात तो अख्खा मजला फुकटात मिळतो. दिवसा तिथं कुरडया, सांडगे, लाल मिरच्या, डाळीला भिजवून काढलेली तूर. रात्री पाणी शिंपडून अंथरुणं. शेजारच्याचं माळवद भिंतीला भिंत लावून, म्हणून पोरं या टोकाला चढून गल्लीच्या त्या टोकाला उतरायची. आंधळी म्हातारीदेखील वर निजायला मागायची, वाऱ्यासाठी. जुन्या घराची आठवण काढताना पुरुष, बायका, पोरं या तिघांचंही एकमत होतं ते इथं. बाकी घर ज्याचं त्याला वेगळं, माळवदावरची वैशाखातली रात्र तेवढी सगळ्यांची.

मग मृग जवळ येतो. तणाची खोडं उपटायची, उंदरांची बिळं बुजवायची, पांढऱ्या मातीच्या खाणीतून टोपल्यांनी माती आणायची, शिडीवरून वर चढवायची, पसरायची, बडवायची. एक वर्ष चुकलं तर आषाढातल्या झडीत घरभर भांडी मांडून ठिबक झेलत बसायचं. आतून सारवण, बाहेरून पोतेरं; नवरात्राच्या आधी तर सगळं घर धुऊन-सारवून काढायचं, वाकळा नदीवर न्यायच्या. "थंड असतंय की माळवद, कुणी नाही म्हणतंय? पण दरसाल माती कोण टाकणार?" हे वाक्य या भागात इतक्या तोंडांतून ऐकू येतं की ते कुणा एकाचं राहिलेलं नाही. माझ्या मते घरांच्या आवडीनिवडीवरची सगळी चर्चा या एका प्रश्नात आहे. गारवा ज्याच्या वाट्याला येतो त्याला घर आवडतं, माती जिच्या डोक्यावर येते तिला ते नकोसं होतं. आणि बहुतेक वेळा ही दोन वेगवेगळी माणसं असतात, एकाच छताखाली.

या मातीचा आणखी एक हिशेब होता. दरवर्षी नवी माती पडते, जुनी काढत कुणी नाही. थर चढत जातो, फूट, दीड फूट, कुठं दोन. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून गावं निजली होती तेव्हा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत पिढ्यांनी साठवलेलं ते ओझं माणसांवर आलं. सुमारे आठ हजार माणसं गेली. तज्ज्ञांच्या पाहणीत एक गोष्ट दिसली: बऱ्याच ठिकाणी सुतारानं उभा केलेला खांब-तुळयांचा सांगाडा तगला होता, ढासळल्या त्या मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती. पण ही बारीक ओळ कुणाच्या ध्यानात राहिली नाही, राहण्यासारखी वेळही नव्हती. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली निजताना माणूस वर बघायला लागला. जे घर तोवर फक्त कष्टाचं होतं ते भीतीचं झालं. बीड जिल्ह्यातही पुढं ज्याला जमलं त्यानं पत्रे घातले, ज्याला आणखी जमलं त्यानं स्लॅब.

किल्लारी भागात ५२ गावं नव्या जागी वसवली. घराचं क्षेत्रफळ जमिनीवरून ठरलं: भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत साडेचारशे, त्यापुढं साडेसातशे. म्हणजे खणांचीच प्रतवारी, आता सरकारी कागदावर. घरं मजबूत होती. ते श्रेय द्यायलाच हवं. पण नकाशा शहराचा होता. रुंद सरळ रस्ते, सुटी सुटी घरं, भावकी पांगलेली, रान लांब, गोठ्याला जागा नाही. लोकांनी पहिल्यांदा काय केलं? वाड्याची आठवण ठेवून प्लॉटभोवती भिंत घातली आणि आत चौक तयार केला.

उलटी चूकही होते. इजिप्तमध्ये हसन फती नावाच्या थोर वास्तुविशारदानं १९४० च्या दशकात लक्सरजवळ न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांचं, घुमटांचं, चौकांचं बांधलं. जगभर वाखाणलं गेलं. ज्यांच्यासाठी बांधलं ते गुर्नाचे लोक मात्र यायलाच तयार होईनात. त्यांची रोजीरोटी जुन्या जागेत होती, आणि असले घुमट त्यांनी कबरींवर पाहिले होते. मातीच्या घराची हौस माती न उचललेल्याला जास्त असते, हे तिथंही खरं ठरलं. हौस खोटी असते असं नाही. अपुरी असते.

पत्र्याचं घर थोडक्यात वाचलं तरी चालेल, कारण त्यात राहणारेही ते थोडक्यात सांगतात: उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात ताशा, वावटळीत जीव मुठीत. म्हणून पत्र्यावर धोंडे. तरीही बायका पत्र्याला माळवदापेक्षा बरं म्हणतात. त्यावर माती टाकावी लागत नाही.

स्लॅबचं घर हे मात्र प्रतिष्ठेचं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल २०१६ पासून निदान २५ चौरस मीटरचं, सपाट भागात १ लाख २० हजारांचं, हप्त्याहप्त्यानं. त्यात फरशी आहे, पुसली की झालं. बल्ब आहे, दाराला कडी आहे, पावसात झोप लागते. ही सुखं लहान नाहीत. फरशी पुसताना तिच्याकडं अभिमानानं बघणारी बाई पाहिली की सारवणाच्या सौंदर्याबद्दल बोलण्याची इच्छा आपोआप कमी होते. पण मे महिन्यात स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. वर झोपावं तर जिना नाही. हप्त्यात बसला नाही.

आणि या जिल्ह्यात घर वाचायचं तर त्याचं दुसरं अर्ध पानही वाचावं लागतं. दसरा-दिवाळी झाली की बीडमधले लाखो लोक ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. तिथं कारखान्याच्या तळावर किंवा फडाच्या कडेला कोपी: बांबूच्या कमानी, चटई, पाचट, वर प्लास्टिकचा कागद. वाकून आत जायचं. मोरी नाही, म्हणून बाईनं आंघोळ उजाडायच्या आत उरकायची. मागं राहिलेल्या घरात म्हातारी, एखादं शाळेतलं पोर, आणि कुलूप. गंमत म्हणावी तर ही की तो गावाकडचा स्लॅब पुष्कळदा मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतूनच पडलेला असतो. ज्या घरासाठी कोयता धरला, त्यात वर्षातले पाच-सहा महिने राहताच येत नाही. अशा माणसाला "तुम्हाला तुमच्या घरातलं काय आवडतं?" असं विचारलं की उत्तर एका शब्दात येतं: "ऱ्हाणं." बाकी खण, साणं, गारवा हे बसून राहणाऱ्यांचे विषय.

जुनी माळवदं आता उकलली जातात. सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी व्यापारी घेऊन जातात, आणि त्या एखाद्या हॉटेलात किंवा फार्महाऊसवर वातानुकूलित खोलीच्या दाराला लागतात. माती तिथंच ढीग होऊन पडते. कुणी कुणी आपली चौकट विकत नाहीत, सिमेंटच्या घराला तीच बसवतात. दार ठेंगणं असल्यानं नव्या उंचीच्या भिंतीत ते जरा अवघडल्यासारखं दिसतं, पण उंबरा तोच राहतो.

घरकुलाचं पुढचं वाचन मात्र त्याच्या आत नाही, पुढ्यात आहे. शेवटचा हप्ता जमा झाला की वर्षाच्या आत दारापुढं दोन लाकडं आणि चार पत्रे उभे राहतात. त्याखाली एक बाज, शेळी, भाकरीसाठी चूल (गॅस आत असतो, चहापुरता), पाण्याचा रांजण, आणि आलेल्या माणसाला टेकायला सिमेंटचा कट्टा. योजनेच्या नकाशात यातलं काहीच नाही. कट्ट्यावर या वेळी बायकाही बसतात.